सदतीस मास्तरांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. लांबी पन्नास सेंटिमीटर, रुंदी सोळा, रंग फिकट हिरवा. पेट्यांना भावना असतात, असा माझा दावा नाही. माझ्या पोटात काय होते आणि त्याचे काय झाले, एवढेच मी सांगणार आहे.

माझा जन्म २०११ साली ओमानमधल्या रुसैलच्या औद्योगिक वसाहतीत झाला. तिथल्या कपाटांच्या एका कारखान्यात गुहागरकडचा रमण हा वेल्डर होता. त्याने उरलेल्या पत्र्यातून मला घडवले. त्याचे सुपरवायझर सिराज रत्नागिरीचे. पेटी हवी होती त्यांच्या पत्नीला, साबेराबाईंना. रमणने झाकणाला फ्रिजच्या दाराचे रबर बसवले आणि एका शुक्रवारी तो मला स्वतः पोहोचवायला आला.

"भाभी, आत वारा पण जाणार नाय. काय ठेवणार, दागिने?"

"मास्तर," साबेराबाई म्हणाल्या. "चारशे एकोणपन्नास."

रमणने सिराजकडे पाहिले. सिराज म्हणाले, "माझ्याकडं काय बघतोस? मी नुसता नवरा हाय."

साबेराबाई आधुनिक स्पेनच्या इतिहासकार होत्या. मुंबईत त्या स्पॅनिश शिकल्या आणि शिष्यवृत्तीवर चौदा महिने स्पेनमधल्या एका जिल्ह्याच्या दप्तरखान्यात बसल्या. तिथले यादवी युद्ध १९३९ साली संपले. त्यानंतर नव्या राजवटीने अनेक शाळामास्तरांना नोकरीवरून काढले. त्या एका जिल्ह्यातले असे मास्तर बाईंनी शोधून काढले होते. प्रत्येक मास्तराचे एक कार्ड. वरच्या ओळीत नाव आणि गाव, मधे आरोप आणि तळाच्या ओळीत दप्तरखान्यातल्या गठ्ठ्याचा क्रमांक, म्हणजे तो कागद जिथे आहे ती जागा. ही कार्डे माझ्यात उभी राहिली.

लग्नानंतर बाई ओमानला आल्या. इथे स्पेनच्या इतिहासकाराची गरज कोणाला नव्हती. त्या एका भारतीय शाळेत आठवीला सामाजिक शास्त्रे शिकवू लागल्या. "मॅम, हे परीक्षेला येणार?" हा प्रश्न त्यांनी किती वेळा ऐकला, याची नोंद उपलब्ध नाही. आठवडाभर बोलून घसा बसलेला असे. शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी, त्या माझे झाकण उघडत आणि या मास्तरांवरच्या पुस्तकाचे एखादे पान लिहीत. कधी एखादे पान खोडत.

एकदा त्यांची मुलगी मेहविश कार्डे चाळत म्हणाली, "अम्मी, हे सगळे डेड आहेत?"

"हो. पण काढून टाकलं तेव्हा जिवंत होते."

मित्रांनो, आता माझ्या आयुष्यातली मुख्य घटना. २०१४च्या जूनमध्ये हे कुटुंब दोन महिन्यांच्या सुट्टीवर रत्नागिरीला निघाले. सुट्टीवर जाताना घर पुसायचे, एसी बंद करायचा आणि वर मेन स्विचही उतरवायचा, ही इथल्या घरांची रीत. बाईंनी मलाही आतून ओल्या फडक्याने पुसले. तेवढ्यात खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. मी वाळण्याआधीच त्यांनी कार्डे परत ठेवली आणि झाकण दाबले.

तळाशी, मागच्या कोपऱ्यात, फार तर दोन चमचे पाणी राहिले असेल. बंद घरात उन्हाळा होता आणि रमणचे रबर उत्तम होते. बाहेरचा दमट वारा आत आला नाही. आतली ओलही बाहेर गेली नाही.

ऑगस्टमध्ये झाकण उघडले तेव्हा मागची सदतीस कार्डे खालून काळी पडली होती. शाई विरघळली होती, बुरशी चढली होती. नावे शाबूत होती. नाहीशी झाली होती ती तळाची ओळ. आणि मूळ टिपणवह्या कार्डे झाल्यावर रद्दीत गेल्या होत्या.

बाईंनी दप्तरखान्याला पत्र लिहिले. उत्तर आले: गठ्ठ्याचा क्रमांक कळवावा, म्हणजे शोधता येईल.

सिराज म्हणाले, "नाव हाय, गाव हाय. घाल पुस्तकात. तिथून कोण येतोय तुझी कार्डं तपासायला?"

"कोणी येणार नाही. म्हणूनच घालता येत नाही," बाई म्हणाल्या. "त्यांना काढणाऱ्यांनीही पुरावा बघितला नव्हता, सिराज."

२०१७ साली स्पेनमधल्या एका लहान प्रकाशकाने पुस्तक काढले. त्यात चारशे बारा मास्तर होते. एका तळटीपेत लिहिले होते की आणखी सदतीस नोंदी लेखिकेच्या निष्काळजीपणामुळे सिद्ध करता येत नाहीत. पुस्तकावर एक परीक्षण आले. त्यात या तळटीपेचा उल्लेख नव्हता. चारशे बारा कार्डे फायलीत गेली, सदतीस एका पाकिटात माझ्याकडेच राहिली. मला स्वयंपाकघरातल्या फळीवर हलवण्यात आले. रबर अजून चांगले असल्याने माझ्यात सुक्या जवळ्याची पिशवीही ठेवली गेली. मला वास येत नाही. पाकिटाला मात्र येऊ लागला.

२०१९ साली स्पेनमधून एका बाईंचा ईमेल आला. 'माझे आजोबा तुमच्या पुस्तकात नाहीत. ते मास्तर नव्हते का?'

साबेराबाईंनी पाकीट काढले. तिसऱ्याच कार्डावर ते नाव होते. त्यांनी कळवले, 'होते. त्यांच्या कागदाची जागा मी हरवली. चूक माझी आहे.' आठ दिवसांनी एक छायाचित्र आले: घरच्यांनी जपून ठेवलेला बडतर्फीचा हुकूम, कोपऱ्यात गठ्ठ्याचा क्रमांक. बाईंनी तो कार्डाच्या तळाशी पेन्सिलीने लिहिला. पेन्सिल पाण्यात विरघळत नाही.

"आता किती ऱ्हायले?" सिराजनी विचारले.

"छत्तीस."

बाईंचा आवाज थकलेला होता. दिवसभर शाळा झाली होती.  सिराजनी जवळ्याची पिशवी उचलून दुसऱ्या डब्यात ठेवली.

मित्रांनो, त्या छत्तीस जणांपैकी कोणाचे नातवंड कुठे असेल आणि त्याच्याकडे कागद असेल, याची शक्यता मला मोजता येत नाही. मी ती फार मोठी मानत नाही. माझी विनंती लहान आहे. जे लिहाल ते कुठे वाचले, तेही लिहा; दोन ठिकाणी लिहा. आणि पेटी पुसलीत तर ती वाळेपर्यंत थांबा. टॅक्सी दहा मिनिटे थांबते.