सतरावा प्रश्न

निराधारांच्या मदतीचा पहिला अर्ज मीच टाइप केला होता. तेव्हा तो अर्ध्या पानाचा होता: नाव, वय, नवरा कधी गेला. योजना फक्त विधवांसाठी होती. पुढे अपंग आले, मग म्हातारे आले आणि अर्ज नऊ पानांचा झाला. एकूण एक पान मी बडवलं, तीस वर्षं, रोजंदारीवर. मला कायम करायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

सतरावा प्रश्न माझ्या डोक्यातला. 'सांभाळणारं कोणी आहे का?' 'हो' लिहिलं की अर्ज बाद. साहेबांनी पाठ थोपटली होती. मग कचेरीच्या खिडकीशी कर्त्या मुलाचा हात धरून आलेल्या आया त्याच्यादेखत 'नाही' म्हणायच्या आणि मी मनात चरफडायचो, काय निर्लज्ज बायका आहेत!

आज त्याच खिडकीशी मी अर्ज घेऊन उभा होतो. माझे हात थरथरतात, म्हणून तो मुलाने भरला होता. त्याचा कारखाना बंद पडून वर्ष झालंय. आतल्या बाईंनी पानं उलटली.

"आजोबा, सतरावा कोराच आहे. काय लिहू?"

मी मुलाकडे पाहिलं. सकाळी त्याने मला अंघोळ घातली होती, पाठीवर घेऊन तीन जिने उतरवलं होतं. तो खाली बघत होता.

"नाही," मी म्हणालो.

बाईंनी शिक्का मारला. बाहेरच्या पायऱ्यांशी मुलगा माझ्यापुढे पाठ करून वाकला.

"चढा, बाबा."