काढला म्हणजे खरा

चिंगीच्या मावशीचं काम म्हणजे दिवसभर लोकांचे व्हिडिओ बघायचे आणि खोटे उपचार सांगणारे दिसले की बटण दाबून उडवायचे. ‘इन्शुलिन फेका, कडू रस प्या’ हा व्हिडिओ तिनेच उडवला होता. चिंगीच्या आईला, म्हणजे आपल्या ताईला तिने ते फुशारकीने सांगितलं, ताईने नवऱ्याला सांगितलं, आणि तिथेच माशी शिंकली.

“काढला? मग खराच असणार!” भावोजी म्हणाले. “उगाच कशाला एवढ्या मिरच्या झोंबतील त्यांना?” व्हिडिओ त्यांच्या फोनमध्ये आधीच उतरवलेला होता. चिंगीची रोजची इन्शुलिनची सुई त्याच दिवशी बंद झाली.

ताईचा फोन आला तेव्हा मावशी कामावरच होती. “पोरगी धापा टाकतेय गं. दवाखान्यात नेऊ देत नाहीत हे. मला बाहेर काढून दाराला आतून कडी घातलीय.”

मावशीने धावत घर गाठलं आणि दाराला अशी लाथ घातली की ते कडीसकट उखडलं. आत चिंगी कॉटवर निपचित पडलेली, ओठ पांढरेफटक. आणि भावोजी फोन समोर टेकवून जगाला सांगत होते, “बघा, सुईशिवाय माझी लेक कशी शांत झोपलीय!”

“शांत? मुडद्या, मरतेय ती!” जन्मात पहिल्यांदा ती भावोजींना अरे-तुरे बोलली. त्यांनी तिचे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. तिच्या हाताला स्टीलची बाटली लागली. ती तिने त्यांच्या कपाळात हाणली, आणि ते पडल्यावर पुन्हा हाणली. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. मग दोघी बहिणींनी, गलक्याने शुद्धीवर येऊन किंचाळत हातपाय झाडणाऱ्या पोरीला दाबून धरलं, सुई टोचली आणि उचलून दवाखाना गाठला.

चिंगी वाचली. मावशी डोक्याला टाके घेऊन कामावर गेली, तर सगळ्यांच्या पडद्यावर एकच व्हिडिओ. भावोजींचा फोन चालूच राहिला होता ना! रक्ताने माखलेली बाई, किंचाळणारी पोर, सुई. वर भावोजींनी लिहिलेलं, ‘घरात घुसून टोचतात.’ आणि खाली कुणा आईने लिहिलेलं, ‘आम्हीही आजपासून बाळाची सुई बंद केली.’

काढावा तर खरा ठरणार, ठेवावा तर पसरणार. मावशीने कामाचे नियम गेले चुलीत म्हणत त्या आईला लिहिलं, ‘ती बाई मीच. पोरगी सुईमुळेच जिवंत आहे. बाळाला आत्ता सुई दे, पाया पडते.’

उत्तर लगेच आलं. ‘तुमच्यासारख्या बाईपासूनच तर वाचवतोय त्याला.’

मावशी ताडकन उठली. लाथ घालायला इथे दार नव्हतं.