गारगोटीचा विळा

तेजरामने वरठीच्या कारखान्यात उभा जन्म लोखंडाजवळ काढला, आणि निवृत्त होऊन सिहोऱ्याला परत आला तो दगड फोडायला. त्याच्या बायकोला, गोदावरीबाईला, आधी वाटलं, माणसाचं डोकं फिरलं. बावनथडीच्या पात्रातून पोतंभर गारगोट्या आणायच्या, अंगणात मांडी घालून एकीवर दुसरी हाणायची, आणि अंगणभर टवके उडाले की त्यातला एखादा उन्हात धरून म्हणायचं, "धार पाह्य." धार होती, नाही कशाला म्हणा. तिच्या टाचेला ती रोज कळत होती.

"आदिमानव असेच बनवत," तो सांगायचा.

"त्यायच्याजवळ विळा नव्हता जी. आपल्या भिंतीले चार खोचले हायेत."

मग हत्याराच्या मुठीचं खूळ. आदिमानवाची मूठ म्हणे हाडाची. ह्या गृहस्थाने बकऱ्याची हाडं आणली आणि तिच्या भाताच्या गंजात उकळली. गंज तिने उकिरड्यावर फेकला आणि आठवडाभर त्याच्यापुढे ताट आदळलं. त्या मुठी पहिल्याच जोराला चिरल्या. तिला आनंद झाला, आणि तो तिने लपवलाही नाही.

दिवाळी झाली, धान पिकून पिवळं झालं, आणि तेजरामने नवीनच टूम काढली. यंदाची पहिली पेंढी तो कापणार, गारगोटीच्या विळ्याने, आणि शेजारचा भूपेंद्र मोबाइलवर शूटिंग घेणार.

आता त्या घरात पहिली पेंढी बाईच कापते. विळ्याला हळदकुंकू लावायचं, धानाच्या बांधीत उतरायचं, पेंढी कापून घरच्या देवापुढे ठेवायची. सासूने हा मान तिच्या हातात दिला होता. नवरा वरठीत खोली करून राहायचा, रविवारी पाहुण्यासारखा यायचा. चिखलणी, रोवणी, बैल, सगळं हिच्या अंगावर. त्या साऱ्या राबण्यात एवढी एक सकाळ तिची स्वतःची होती, आणि तीही ह्या टवक्यापायी सोडायची! तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"कायले? लोखंडानं कापलेल्या धानानं पोट भरत नाही का?"

"तुले नाही समजत. दरसाल तूच तं कापतेस. यंदा मी."

कापणीच्या सकाळी भूपेंद्र बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर मोबाइल धरून उभा राहिला. गोदावरीबाई मागे होती, पण आपला विळा पदराखाली घेऊन. तेजरामने फडक्यातून हत्यार काढलं. लाखेने बसवलेलं पांढरं पातं, आणि त्याला जाड, पिवळसर हाडाची मूठ.

"ही नाही चिरत," तो मोबाइलकडे पाहून म्हणाला. "बैलाच्या पायाची नळी हाये. अन् मधात ही गाठ पाहा. बोटं कशी बरोबर बसतात."

गोदावरीबाईने गाठ पाहिली. मग धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडाखाली पाहिलं. तिथली माती नुकती उकरलेली होती, वर पाला लोटून झाकलेली.

तिचा बैल पवळ्या लहान गोऱ्हा असताना त्याचा पुढचा पाय मोडला होता. सारं गाव म्हणालं, विकून टाक. तिने बांबूच्या कमच्या बांधल्या आणि पावसाळाभर गोठ्यातच अंथरूण टाकलं. पाय जुळला, गाठ राहिली. त्याच पायाने त्याने ही बांधी नांगरली, आणि मेला तेव्हा तिनेच त्याला मोहाखाली पुरलं.

"द्या इकडे," ती म्हणाली. आवाज असा होता की तेजरामने मुकाट्याने दिलं.

"ह्या गाठीले मी रोज तेल चोळलं जी. तुम्ही रविवारी येत, अन् एकदा गोठ्यात डोकावून नाही पाहिलं. आज तुमची बोटं बरोबर बसली."

भूपेंद्रने मोबाइल खाली घेतला.

"मले काय माहीत," तेजराम पुटपुटला.

"तेच तं."

तिने पातं धुऱ्यावरच्या दगडावर आपटलं. लाख सुटली, टवका त्याच्या पायाशी पडला. हाड पदरात घेऊन ती मोहाखाली गेली, होतं तिथे ठेवलं आणि हाताने माती लोटली. मग बांधीत उतरून आपल्या विळ्याने पहिली पेंढी कापली.

तेजराम तिथेच उभा होता. पेंढी घेऊन घरी निघताना ती त्याच्याजवळ थांबली.

"दगड उचला," ती म्हणाली. "तो तेवढा तुमचा हाये."