डोळ्यामागची वाट

मालनने पेटती काडी पोराच्या डोळ्यांपुढून नेली. पापणी हलली नाही. तिने दुसरी काडी ओढायला घेतली, तेव्हा सासूने, रुक्मिणीने, तिच्या हातातून पेटी काढून घेतली.

"आणखी किती जाळतलंस? डॉक्टरान सांगल्यान ना?"

डॉक्टरांनी सांगितलं होतं. डोळे बाहेरून ठणठणीत, पण डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी शीर गर्भातच नीट वाढली नव्हती. पोराला कधीच दिसणार नव्हतं. असं कशामुळे झालं ते मात्र डॉक्टरांना सांगता आलं नाही, आणि सगळी पंचाईत तिथेच झाली. भटवाडीतल्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत आता दोषाला धनी हवा होता.

रुक्मिणीने तो केव्हाच शोधून ठेवला होता. "पोटुशी असताना ग्रहणात हिना विळी घेतल्यान. मधूक सांगलंय मी, सोमवारी हिका माहेराक पोचय. पोर हयसर आमच्याकडे रवात."

"मी उठाकच नाय, आये," मालन म्हणाली. "भितीकडे तोंड करून निजान होतंय."

मालनचा नवरा मधुकर उंबऱ्यावर बसला होता. आईपुढे तोंड उघडायची त्याला लहानपणापासून सवय नव्हती आणि आताही त्याने ती लावून घेतली नाही. त्याचा बाप धाकू डबा उचलून कामावर गेला.

गिरणीतलं काम सुटल्यावर धाकू मुलुंडच्या एका प्रयोगशाळेत शिपाई म्हणून लागला होता. कोंबडीची अंडी उबेच्या कपाटात ठेवायची, उलटायची, दिव्यासमोर धरून आत जीव आहे ना ते पाहायचं आणि कवचाला लहानशी खिडकी पाडून द्यायची, एवढं त्याचं काम. पुढचं तिथल्या संशोधक सुलक्षणाबाईंचं. त्या पिलाच्या डोळ्यात खुणेचं औषध टोचत आणि ते मेंदूपर्यंत किती पोचलं ते नंतर यंत्रावर मोजत. सुईला धाकूने कधी हात लावला नव्हता. शब्द मात्र त्याचा चालू झाला होता. डोळ्यातून मेंदूकडे जे जातं त्याला गिरणीतल्या सवयीने तो 'माल' म्हणायचा, आणि आता बाईसुद्धा 'आज माल पोचला' असं म्हणू लागल्या होत्या.

"बाई, पिलाचा माल पोचत नाय असं कधी होतं काय?" त्याने विचारलं.

"होतं ना. डोळा आधी तयार होतो, धाकूमामा, दिसायला मागाहून लागतं. डोळ्यात तयार झालेला माल तंतूंमधून मेंदूकडे जातो. लहान पिलात तो रांगत जातो, अंडं फुटायच्या सुमाराला धावायला लागतो. का, तेच तर शोधतेय." बाईंनी मान वर केली. "नातवाचं विचारताय?"

"त्याचा आता रांगत रांगत तरी पोचेल काय?"

बाईंनी हातातली सुई खाली ठेवली. "नाही," त्या म्हणाल्या. "त्याची वाटच तयार झाली नाही. खोटं कशाला सांगू?"

"ग्रहणानं?"

"ग्रहणाचा काही संबंध नाही. तुमच्या सुनेचा तर मुळीच नाही. कोणाचाच दोष नसतो, अहो. घरी जाऊन सांगा तसं."

धाकूने मान हलवली. बाईंचं म्हणणं त्याला पटलं होतं. पण 'कोणाचाच नाही' हे उत्तर घेऊन घरी गेलं तर दोष पुन्हा मालनच्याच पदरात पडणार, हेही त्याला कळत होतं. सोमवारी तिला पोराशिवाय माहेरी जावं लागणार होतं.

रविवारी सकाळी रुक्मिणीने देवासमोर नारळ ठेवला. शेजारची गाववाली मंडळी दाटीवाटीने बसली. देवाला गाऱ्हाणं घालायचा मान घरातल्या वडीलधाऱ्याचा. सुनेच्या हातून काय चुकलं असेल ते पदरात घे, असं धाकूने म्हणायचं ठरलं होतं. तो उभा राहिला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, आज तुका गाऱ्हाणा घालतंय..."

"होय म्हाराजा," मंडळी म्हणाली.

"ग्रहण लागलेला, घरात सून पोटुशी, आणि मी कामार अंड्यातल्या पिलाच्या डोळ्यात सुई खुपसलंय..."

"होय म्हाराजा," मंडळींच्या तोंडून सवयीने निघून गेलं, आणि मग सगळ्यांना ऐकू आलं. ग्रहणाच्या त्या दुपारी धाकू खरं तर कामावर ट्रे धूत होता. पण देवासमोर बोललेल्या आणि चार माणसांनी होय म्हटलेल्या शब्दाला आता कोण खोडणार? त्याने वाक्य पुरं केलं.

"...ता माझ्या हातान झाला. सुनेचो काय एक दोष नाय. तिका तिच्या पोरासकट ह्या घरात रवान दी."

"होय म्हाराजा," एक म्हातारा हळूच म्हणाला.

रुक्मिणी नवऱ्याकडे पाहतच राहिली. सोमवारी मालनच्या माहेराचा विषय कोणी काढला नाही, मंगळवारीही नाही.

पण धाकूच्या बोलण्यावर सगळ्यांत जास्त विश्वास बसला तो मालनचा. ती त्याला जेवायला वाढी, पाण्याचा तांब्या पुढे ठेवी, शब्दाने कधी दुखवत नसे. फक्त रांगू लागलेलं पोर त्याच्या दिशेने निघालं की ती हातातलं काम टाकून येई आणि पोराला उचलून नेई.

पुढे पुढे पोराला आजोबाचा आवाज कळू लागला. धाकू खोकला तरी ते हसून तिकडे वळे आणि हवेत चाचपडत पुढे येई. मग धाकू बोलायचा थांबे, आणि आपले दोन्ही हात मांडीखाली घालून बसून राही.