घोरपडीला माती मिळाली

मी एक म्हातारी घोरपड आहे. मित्रांनो, मला पाहून तुम्ही दोन पावलं मागे सरकाल, हे मला ठाऊक आहे. माझी जीभ सापासारखी दुभंगलेली, कातडी खरबरीत, आणि चालताना मी लंगडते. तरी जरा थांबा आणि माझं ऐका.

माझा जन्म इंदूरच्या एका कापड मिलच्या आवारात झाला. बॉयलरमागच्या मातीत आमची बिळं होती. भोंगा वाजला की माणसांचा लोंढा आत शिरे आणि मी बिळात. एका वर्षी भोंगा वाजेनासा झाला. माणसं फाटकापर्यंत येत, कुलूप बघत उभी राहत आणि परत जात. आवारात गवत माजलं. मला तर राज्यच मिळालं!

पण ते फार टिकलं नाही. यंत्रं भंगारात निघाली, भिंती पाडल्या जाऊ लागल्या, आणि एका दुपारी विटांचा ढीग माझ्या मागच्या पायावर कोसळला.

"छोड ना भिया, चावेल ती!" कुणीतरी ओरडलं.

"चावू दे. आपल्याच मिलची आहे," असं म्हणत पंचशीलने मला पोत्यात घेतलं. तो याच मिलमध्ये सूत कातायच्या खात्यात होता आणि आता तिचंच भंगार उचलत होता. त्याने मला इंदूरजवळच्या राऊ गावाच्या रस्त्यावरच्या, जखमी प्राण्यांच्या निवाऱ्यात नेलं. तिथल्या डॉक्टर शिवांगीने माझा पाय बांधला. मला ठेवून घ्यायला वनखात्याची परवानगी आली. मला बघायला रोज येणाऱ्या पंचशीलला तिथेच काम मिळालं.

माझा पिंजरा चांगला ऐसपैस होता. जमिनीला पांढऱ्याशुभ्र टाइल्स होत्या. निवाऱ्याचे व्यवस्थापक प्रतापराव त्या रोज धुऊन घेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना कौतुकाने दाखवत. पण त्या गुळगुळीत टाइल्सवर माझे पाय फाकत. त्यातच माझ्या पोटात अंडी होती. ती ठेवायला मला बीळ हवं होतं. मी टाइल्स उकरत राहिले. नखं तुटली, रक्त आलं. मी खाणं सोडलं.

पंचशीलला राहवलं नाही. त्याने मिलमधला वाया गेलेला कापूस आणून मऊ गादी केली. बिचाऱ्याने किती मायेने केली होती! पण धागे माझ्या बोटांना करकचून गुंडाळले गेले आणि शिवांगीला कात्रीने ते सोडवावे लागले. मग त्याने नदीची वाळू आणली. मी जीव खाऊन खणायला लागले, पण जेवढं खणावं तेवढं वरून ढासळे.

शिवांगीने माझं पोट चाचपलं आणि ती गंभीर झाली. "प्रतापरावजी, अंडी आत अडकली तर ही मरेल. टाइल्स काढून खोल माती भरावी लागेल."

"माती?" प्रतापराव दचकले. "सगळं घाण दिसेल. आणि ही बिळात बसली तर लोकांनी बघायचं काय?"

पंचशील सहसा वर तोंड करून बोलत नसे. त्या दिवशी बोलला. "साहब, मिल बंद केली तेव्हा आम्हाला काय पाहिजे, ते कोणी विचारलं नाही. ही तर नखं तोडून सांगतेय. हिचं तरी ऐका ना."

प्रतापरावांनी वाकून माझी रक्ताळलेली नखं पाहिली. मग ते स्वतःच आत गेले आणि पहार घेऊन आले. "काढा टाइल्स!"

काळी माती आली. तिच्यात वाळू मिसळली. शिवांगीने मूठभर माती दाबून दाखवली. "गोळा झाला पाहिजे, पण पाणी सुटता कामा नये."

"सूत तुटू नये म्हणून आम्ही खात्यात ओल ठेवायचो, तशीच ना?"

"अगदी तशीच, पंचशीलभिया."

पंचशीलने कमरेइतकी माती भरली आणि वर सुका पालापाचोळा पसरला. मी जीभ काढून वास घेतला. पहिला पंजा मारला, दुसरा मारला. बीळ ढासळलं नाही! मी आत, आणखी आत गेले. तिथल्या थंड, ओलसर काळोखात मी सगळी अंडी ठेवली, तोंड बुजवलं आणि दमून बाहेर आले. बाहेर पंचशील रडत होता आणि हसतही होता.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी माती हलली. तिच्यातून पिवळ्या ठिपक्यांचं एक इवलंसं डोकं वर आलं. मग दुसरं, मग आणखी कितीतरी! प्रतापराव एक चप्पल पायात, एक हातात, असे अंगणभर ओरडत धावले, "या रे सगळे! आपल्याकडे पिल्लं झाली!"

वनखात्याच्या माणसांसोबत पंचशीलने ती माळावर सोडली. परत आला तेव्हा तो मिलच्या जुन्या दिवसांतल्यासारखा छाती काढून चालत होता.

मित्रांनो, आम्हाला मात्र पाळू नका. आमचं घर रानात आहे. पण कुठलाही जीव सांभाळायची वेळ आली, तर पिंजरा किती चकचकीत आहे ते मागाहून बघा. आधी त्याचे पंजे बघा. तो खणणारा आहे की चढणारा, ते ओळखा, आणि त्याला लागेल तेच त्याच्या पायांखाली घाला. राऊच्या माळावर कधी भुसभुशीत मातीचं ताजं बीळ दिसलं, तर दुरूनच बघा आणि हळूच निघा. आत माझी लेक असेल, आणि तिला फार काम असेल.