दोघांनी उघडायचा सोफा

मी सोफा-कम-बेड बोलतोय. हसू नका. दिवसा एक आणि रात्री दुसरंच व्हायचं, असा जन्म ज्याच्या वाट्याला येतो त्यालाच त्यातले हाल ठाऊक. बसणारे म्हणतात, हा बेडच बरा. झोपणारे म्हणतात, हा सोफाच बरा. तरीही माझ्यावरून कोर्टात भांडण गेलं, हे लक्षात असू द्या. किती पलंगांच्या नशिबी हे येतं?

सुताराने मला घडवलं तेव्हाच माझ्यात एक खोड राहून गेली. मी एकट्या माणसाला उघडत नाही. एकाने डाव्या अंगाला खाली गुडघा टेकवायचा, दुसऱ्याने समोरून ओढायचं, आणि ओढणारा 'हं' म्हणाला की गुडघा काढून घ्यायचा. जरा चुकलं की मी अर्ध्यातच अडकतो.

मला घेतलं एका नव्या जोडप्याने. तो इमारतींचे नकाशे काढायचा, ती दवाखान्यात लोकांचे एक्स-रे काढायची. पहिले काही दिवस दोघांनी माझ्यात बोटं चेमटवून घेतली, मग हात बसला. ती गुडघा लावायची, तो ओढायचा. तो 'हं' म्हणायला विसरला की ती म्हणायची, "लक्ष कुठंय तुझं?" आणि दोघं हसायचे.

पुढे लेक झाली, बिट्टी. माझ्यावर झोपायचा मान तिला मिळाला, नाचायचाही. उड्या मारायची ती बरोब्बर मधोमध. त्यामुळे तिथे जो खड्डा पडला तो आजही आहे. दोन टोकांना कोणीही बसा, थोड्या वेळाने दोघंही घसरत मध्ये येतात.

मग त्या दोघांचं बिनसलं. कशावरून म्हणाल, तर माझ्यावरच बसून झालेली सगळी भांडणं ऐकूनही मला सांगता येणार नाही. शेवटी टीव्हीचा रिमोट सापडेना. तो म्हणाला, हिनेच लपवला. ती म्हणाली, माझ्या हातात तो कधी आला होता? दुसऱ्या दिवशी तो वेगळा राहायला गेला, आणि पुढे घटस्फोटाच्या अर्जात तो रिमोट 'मानसिक छळ' या मथळ्याखाली आला. तो गेल्यापासून मला कोणी उघडलंच नाही. ओढणार कोण?

बाकी सगळ्या सामानाची वाटणी झाली, मी तेवढा राहिलो. तो म्हणे, सोफा मी निवडला. ती म्हणे, त्यावरचे डाग मी काढले. मग तिच्या मामांना लवाद नेमलं. लग्न त्यांनीच जमवलेलं, तेव्हा निवाड्याचा मानही त्यांचाच. मामांनी माझ्यावर ऐसपैस बसून चहा घेतला आणि निकाल दिला: लाकूड त्याचं, गाद्या तिच्या. "मामा, काहीतरीच काय," दोघं एका सुरात म्हणाले. कित्येक महिन्यांतलं ते त्यांचं पहिलं एकमत.

कोर्टाने त्यांना मध्यस्थी केंद्रात पाठवलं. तिथल्या मध्यस्थबाई थंड डोक्याच्या म्हणून नावाजलेल्या. पण एका दुपारी तो टेम्पो घेऊन मला न्यायला आला, ती दारात आडवी उभी राहिली, आणि दोघांनी बाईंना फोनवर फोन लावले. बाईंचा पारा चढला. "मग आणून ठेवा तो सोफा माझ्या डोक्यावर," त्या म्हणाल्या. फोन स्पीकरवर होता, आणि टेम्पोवाला सरळमार्गी माणूस. संध्याकाळच्या आत मी केंद्रात हजर.

तिथली खोली एवढीशी. मध्ये टेबल, अलीकडे नवऱ्याची खुर्ची, पलीकडे बायकोची. म्हणजे कोर्टच, फक्त लहान मापाचं. मला जागा करायला ते टेबल बाहेर काढावं लागलं, आणि आता येणाऱ्या जोडप्यांना माझ्यावर बसण्यावाचून इलाज उरला नाही. सुरुवातीला ती दोन टोकं धरून बसत. मध्ये पर्स ठेवत, फायली रचत; एकाने तर हेल्मेट ठेवलं. पण माझ्या खड्ड्यापुढे कोणाची मात्रा चालत नसे. आधी हेल्मेट घसरे, मागोमाग माणसं. कोपराला कोपर लागल्यावर ओरडणं जमत नाही, आणि शेजारच्याकडे सारखं रागाने बघायचं तर मान अवघडते. मग दोघंही समोर बाईंकडे बघून साध्या आवाजात बोलू लागत. काही जोडपी घरी परत गेली, पुष्कळशी नीट बोलून वेगळी झाली. एका सासूबाई खड्ड्यात अशा रुतल्या की त्यांना उठवायला मुलाला आणि सुनेला मिळून जोर लावावा लागला. त्यानंतर सासूबाईंचा आवाज बराच खाली आला.

बाई माझ्यावर बेहद्द खूश. माझ्या मालकांची तारीख आली की म्हणायच्या, "सोफ्याचं आपण शेवटी बघू." मीही फुशारलो होतो, खोटं कशाला बोलू?

पण तिकडे बिट्टीचे हाल चालले होते. आठवड्याच्या सुट्टीत ती बाबाकडे राहायला जायची, आणि तिथे तिला जमिनीवर चटई. तो पलंग घेईना. घेतला तर माझ्यावरचा हक्क सोडल्यासारखं होईल ना! एका तारखेला बिट्टीची आई म्हणाली, मुलीला झोपायला धड जागा नाही, तर तिने त्या घरी राहायला कशाला जायचं? यापुढे दिवसा बागेत भेटावं आणि परत यावं. त्याचा चेहरा पडला. मला माझी लाज वाटली. माझ्यापायी एका पोरीचं एक घर जाणार होतं.

पुढच्या वेळी बाईंनी बिट्टीला बोलावलं. आईबाबांना बाहेर बसवलं आणि तिला विचारलं, तुला काय वाटतं? बिट्टी माझ्यावर हात फिरवत म्हणाली, "मला दोन्हीकडे झोपायचंय. पण हा इथे अडकलाय."

मग बाईंनी त्या दोघांना आत बोलावलं आणि तिचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ते बसायच्या आतच बिट्टीने मला एकटीने उघडायला घेतलं. मी अर्ध्यात अडकलो. "बोट सापडेल," आई ओरडली, आणि दोघं दोन बाजूंनी धावली. विचार कोणीच केला नाही. तिचा गुडघा खाली गेला, त्याने ओढलं, 'हं' म्हणाला, गुडघा निघाला. भर खोलीत मी बेड झालो. माझ्यातून एक मोजा पडला, पेन्सिलीचं थोटूक पडलं, आणि शेवटी रिमोट.

तिघंही त्याच्याकडे बघत राहिली.

"म्हणजे तू नव्हता लपवलास," तो म्हणाला.

"नव्हता," ती म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. तोही हसला. पण तुम्हाला वाटतंय तसं काही झालं नाही. पुन्हा एकत्र राहण्याइतकं हसू त्यांच्याकडे उरलं नव्हतं. तिने मला मिटलं, हात झटकले आणि म्हणाली, "घेऊन जा तू. ती तुझ्याकडे असेल तेव्हा यावर झोपू दे."

मग ती खाली बसली. "बिट्टी, इकडे ये. गुडघा इथे. जोर नाही लावायचा, नुसता टेकवायचा. बाबा 'हं' म्हणाला की काढायचा."

तिने ते लेकीला पुन्हा पुन्हा करायला लावलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्या नाक का पुसत होत्या हे मला पुरतं कळलं नाही. थोडं दुःख माझ्या जाण्याचंही असेल.

केंद्रात आता नवा सोफा आलाय. बिट्टी सांगते, तो फार ताठ आहे. म्हणून सुट्टीच्या दिवशी बाई तिला खास बोलावतात, मधोमध उड्या मारायला.

मी बाबाच्या घरी खिडकीशी असतो. माझी एक गादी विरलीय, पाय कुरकुरतात. तुमच्याकडे मागणं एवढंच: नाही पटलं तर खुशाल वेगळे व्हा. पण ठरवायला बसाल तेव्हा शेजारी शेजारी बसा, आणि सामान कोणाचं हे विचारायच्या आधी त्याच्यावर झोपतं कोण ते विचारा.

काल बिट्टी आली. गुडघा टेकवून थांबली. बाबाने ओढलं, पण कसल्याशा विचारात 'हं' म्हणायचं विसरला.

"बाबा, लक्ष कुठंय तुझं?" ती म्हणाली, थेट आईच्या आवाजात.

तो क्षणभर थांबला. मग हसून म्हणाला, "हं."

आणि मी उघडलो.