बासूनचा भाव

वाळलेली मिरची कानाशी धरून हलवली की आतलं बी वाजतं, आणि त्या वाजण्यावरून माल किती सुकलाय ते कळतं. नंदुरबारच्या बाजारात हे पुष्कळांना येतं. कोरीटचा चुडामण पाटील मात्र त्यावरून माल किती दिवस पथारीवर उन्हात पडला होता आणि वजन वाढावं म्हणून मालकानं पाणी मारलंय का, हेही सांगायचा. यातलं अर्धं खरं असायचं, अर्धं तो रेटून न्यायचा. पण अडतीस वर्षं अडतीवर पारखी म्हणून काढलेल्या माणसाशी वाद घालायला कोणी जात नसे.

त्याचा नियम एकच. ढिगाचा वरचा माल बघायचाच नाही, कारण वर सगळेच चांगलं लावतात. चुडामण बाही सारून कोपरापर्यंत हात ढिगात खुपसायचा, मधली मूठ काढायचा आणि तिच्यावरून नंबर ठरवायचा: एक, दोन, तीन, नाही तर फटकी. फटकी म्हणजे रंग उडालेला, पांढरट पडलेला, सगळ्यांत खालचा माल. एकदा त्यानं सख्ख्या मेव्हण्याचा ढीग फटकीत टाकला आणि छबूबाईचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, माहेर दोन वर्षं बंद झालं. छबूबाई ते अजून विसरली नव्हती. चुडामण तर ते ज्याला त्याला सांगत असे.

त्यांना एकच मुलगी, चारुलता. ती पुण्याला पोलीस बँडमध्ये होती. भरतीत लागली ती धावण्यात पहिली आली म्हणून, आणि तिच्या वाट्याला बासून आला तो तिच्याइतकं उंच बँडमध्ये दुसरं कुणी नव्हतं म्हणून. बासून म्हणजे लाकडाची आठ फुटी नळी, मधोमध दुमडलेली, वर एक वाकडी पितळी नळी आणि तिच्या टोकाला सनईला असते तशी पत्ती. आवाज खोल, घोगरा, पोटभर जेवून ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यासारखा. पहिला फोटो आला तेव्हा छबूबाईनं विचारलं होतं, "हाई वाजाडानं शे का छप्परले टेका देवानं?" पण पोरीला ते वाद्य असं काही लागलं की सुटीच्या दिवशीही ती चार पोरांना जमवून एका चर्चच्या हॉलमध्ये वाजवत बसायची.

तर मागच्या सोमवारी तिनं चुडामणच्या फोनवर पाच रेकॉर्डिंग पाठवली. रचना एकच, तीनशे वर्षांपूर्वी इटलीतल्या कुणा पाद्र्यानं लिहिलेली. बासून पुढे, तंतुवाद्यं मागे. आधी जलद भाग, मग संथ, मग परत जलद. वाजवणारे पाच वेगवेगळे. त्यांची नावं तिनं काढून टाकली होती आणि नुसती अक्षरं दिली होती: क, ख, ग, घ, ङ. सोबत तिचा आवाज होता: "आबा, मिरचीले लावतस तसा नंबर लावा. शनिवारलगून सांगा. आनि कोनलेच इचारू नका."

बुधवारी चुडामणनं हारुनला बोलावलं. हारुन म्हणजे नंदुरबारचा बँडमास्तर, चाळीस वर्षं क्लॅरिनेट फुंकून अर्ध्या जिल्ह्याची लग्नं लावलेला माणूस, आणि चुडामणचा दोस्त. आता दोस्ताला विचारणं म्हणजे काही कोणाला विचारणं नव्हे. लग्नसराई संपलेली होती, हारुनलाही घरात कोणी बसू देत नव्हतं. तो दुपारीच मोटारसायकलवरून आला.

चुडामणनं स्पीकर ओट्यावर मांडला, 'क' लावला आणि बोटानं सरकवत थेट मधल्या संथ भागात, त्याच्याही मध्यावर नेला.

"अरे भाऊ, हाई काय करी ऱ्हायना?" हारुन ओरडला. "सुरुवात तं ऐकू दे!"

"वरना माल मी देखस नही."

"मिरची नही शे ती!"

"ढीग ढीगच ऱ्हास, हारुन. मझारमा हात घाल, समदं समजस."

त्यांनी पाचही ढिगांत कोपरापर्यंत हात घातला. 'क' गुळगुळीत होता. चुडामणला वाटलं, चमक यावी म्हणून याला तेलाचा हात लावलाय. 'ग'ची बस सुटत होती. संथ भागसुद्धा त्यानं धावत वाजवला होता. 'ङ', ज्या अक्षराला शाळेतही कधी काही काम पडलं नव्हतं, त्यात मागे खरखर होती. पोतं जुनं, माल बरा, असा शेरा चुडामणनं वहीत मारला. राहिले 'ख' आणि 'घ'. 'ख'चा सूर स्वच्छ, पुढे कुठं जायचंय ते ठाऊक असलेला, कुठेही मिजास नाही. 'घ' मात्र ओबडधोबड. त्यात वादकाचा श्वास ऐकू यायचा, वाद्याच्या किल्ल्या खटखटायच्या, पण सूर काळजाला जाऊन भिडायचा. हारुन 'घ' ऐकून डोळे पुसू लागला. "या मानूसना दम ऐकू येस," तो म्हणाला. चुडामणनंही डोळे मिटून ऐकलं, आणि एक नंबर 'ख'ला द्यावा की 'घ'ला, हे उद्यावर ठेवलं.

घोटाळा त्या दिवशी जेवताना झाला. छबूबाईनं सोमवारपासून चारूचं एक गुपित पोटात ठेवलं होतं. आज बुधवार. तिच्या मानानं हे फारच झालं होतं. तिनं भाकरी वाढली, ठेचा वाढला, आणि ठेच्याबरोबर गुपितही वाढलं.

"त्या पाचमा एक आपली चारूनं शे."

चुडामणनं घास परत ताटात ठेवला.

"पुनाना लोके तिले नुसतं वाहवा वाहवा करतस. तिले खरा भाव पाहिजे. म्हने, आबाले माहीत नसताना जर एक नाहीतर दोन नंबर लागना, तं ती ते हॉलंडले धाडी. दोन वरीसनं शिक्षन शे, खर्च तेच करतस. लागी गयं तं नोकरीना राजीनामा." एवढं बोलून तिनं वर बजावलं, "मी तुम्हले काहीच सांगेल नही, बरं का."

राजीनामा! चुडामणनं देवघराकडे पाहिलं. चारूच्या नेमणुकीचं पत्र त्यानं प्लास्टिकमध्ये घालून देवघराशेजारी टांगलं होतं. सरकारी, कायमची, वर्दीची नोकरी. हॉलंड नेमकं कोणत्या अंगाला येतं हे त्याला माहीत नव्हतं, पण सुरतेच्या बरंच पलीकडे असणार एवढं नक्की. तिथं पोरीला ताप आला तर? दोन वर्षांनी परत आली आणि हातात ना नोकरी ना काही, तर? लोक हसतील ते वेगळंच. त्याला पोरीचा राग आला नाही. त्याला भीती वाटली, आणि भ्यालेला माणूस लबाडी करायला फार वेळ लावत नाही. अडतीस वर्षांत जे केलं नव्हतं ते त्यानं करायचं ठरवलं: पोरीचा माल मुद्दाम पाडायचा.

पण पाडायचा कोणता? आधी पोरीला शोधायला हवं होतं. गुरुवारी सकाळी तो गोठ्यात जाऊन बसला आणि स्पीकर मांडीवर घेऊन पाचही पुन्हा ऐकले. 'क'मध्ये तर मोठाच्या मोठा ताफा, तो काही चर्चच्या हॉलात मावणार नाही. 'ङ' जुनाट, पोरीच्या जन्माआधीचा. 'ग'चा वादक गडबड्या; चारू धावण्यात पहिली आली खरी, पण गडबडी नव्हती. 'ख'मध्ये तर कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. आणि 'घ' लागल्याबरोबर त्याला तो श्वास ऐकू आला. नाकानं ओढलेला, घाईचा. मग ती खटखट. एका ठिकाणी तर सूर जरासा घसरलासुद्धा. "हाईच," चुडामण म्हशीला म्हणाला. पोर सापडली होती.

दुपारी हारुन आला तेव्हा चुडामणनं वही उघडून निकाल सांगितला. 'ख' एक, 'क' दोन, 'ङ' तीन. 'ग' त्याच्याखाली. आणि 'घ' फटकी.

"फटकी?" हारुन ताडकन उठला. "चुडामण, बुधवारले तू घ ऐकीसन डोया मिटी बठेल व्हता!"

"झोप लागनी व्हती."

"आनि आज काय व्हयनं?"

"श्वास ऐकू येस. खटखट व्हस. सूर घसरस. कच्चा माल शे."

"अरे, श्वास नही तं काय ऐकू यावाले पाहिजे? मुर्दा फुंकी का बाजा?" हारुनचा आवाज चढला. त्यानं पायात चपला सरकवल्या. "मेव्हनाना माल पाडा तव्हय मी गावले सांगत फिरनू, मन्हा दोस्त इमानना मानूस शे. आज मी काय सांगू?"

छबूबाई चहा घेऊन बाहेर येईपर्यंत मोटारसायकल वेशीपाशी पोचली होती. चुडामणनं दोन्ही कप प्याले. त्याला चहा कडू लागला, पण पोरीची नोकरी वाचली होती.

शनिवारी संध्याकाळी चारूचा फोन आला. चुडामणनं तो स्पीकरवर टाकला, घसा खाकरला आणि अडतीवर म्हणायचा तशा सुरात निकाल म्हटला. शेवटी "घ, फटकी" म्हणताना त्यानं डोळे मिटून घेतले.

पलीकडून एकदम चारूची किंकाळी आली.

"आबा! ख मन्हं शे! ख मी शे!"

चुडामणला काही कळेना. छबूबाईनं टाळी वाजवली आणि देवाला हात जोडले.

"आनि घ तुम्ही फटकीमा टाकं?" चारू हसता हसता बोलत होती. "आबा, तो म्हातारा ऐंशी वरीसना शे. हॉलंडमा त्यानाच हाताखाले शिकाले जानं शे माले! जगभरना लोके त्याले ऐकीसन शिकतस!"

चुडामणनं जगातला सगळ्यांत मोठा बासूनवाला फटकीत काढला होता. पण त्याचं त्याला काहीच वाटलं नाही. त्याला एकच गोष्ट दिसत होती, की त्यानं स्वतःच्या हातानं पोरीचा राजीनामा लिहून दिला. आणि तेवढ्यात छबूबाईला आनंदात राहवलं नाही.

"देख चारू, तुन्हा बापले माहीत व्हतं तुन्हं बी शे म्हनीसन, आनि कशा बराबर ओयखी काढं!"

पलीकडचं हसू थांबलं.

"माहीत व्हतं?" चारूचा आवाज अगदी बारीक झाला. "माय, तू सांगी दिधं?"

छबूबाईनं पदर तोंडाशी नेला.

"मंग काय उपयोग," चारू म्हणाली. "आबांनी मन्हं ओयखं आनि एक नंबर दी टाका. पुनावाला बी देतस. जाऊ द्या आबा. नही धाडस मी."

झालं. चुडामणला जे हवं होतं ते न मागता पदरात पडलं. आता फक्त गप्प बसायचं होतं. पोरगी नोकरीवर राहणार, पत्र भिंतीवर राहणार, आणि वर पोरीवर माया करणारा बाप म्हणून नावही होणार. छबूबाई त्याच्याकडे बघत होती. त्यानं फोन उचलून जवळ घेतला, परत खाली ठेवला, परत उचलला.

"चारू, ऐक," तो म्हणाला. "मी तुले ख समजेल नव्हतू. मी तुले घ समजनू."

"काय?"

"तू नोकरी सोडशी म्हनीसन माले भेव वाटना. तुन्हं पाडानं व्हतं माले. मी तुले शोधत व्हतू. घमा श्वास ऐकू उना, खटखट ऐकू उनी, सूर घसरना. म्हनं, हाईच मन्ही आंडेर, मन्ही पोर."

हे तोंडातून निघाल्यावर त्याला स्वतःच्याच बोलण्याचा अर्थ लागला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. अडतीस वर्षं परक्यांचे ढीग उपसले, कुणाचा माल कधी कमी लेखला नाही. आणि स्वतःची पोर शोधायची वेळ आली तेव्हा तो चांगल्या मालाकडे वळलासुद्धा नाही.

"मी तुले फटकीमा शोधं, चारू," तो म्हणाला. "ख इतलं चांगलं व्हतं, ते तुन्हं ऱ्हाई असं मन्हा मनमाच उनं नही. माले वाटनं, हॉलंडनाच कोन्ही व्हई."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. रडतेय की हसतेय ते फोनवरून कळेना, आणि चुडामणची आता काही ओळखायची हिंमत नव्हती.

"म्हनजे," चारू म्हणाली, "ख तुम्ही परकानं समजीसन एक नंबरले लायं?"

"परकानं समजीसन. त्याले मी हात लायेल नही. तो खरा भाव शे."

"मंग आबा," ती घुटमळली. "धाडू? लागी गयं तं राजीनामा देवाना पडी."

चुडामणनं भिंतीवरच्या पत्राकडे पाहिलं नाही, छबूबाईकडेही पाहिलं नाही.

"धाड," तो म्हणाला. "आतेच धाड, मी फोनवर शे तवलगून. सकायलगून थांबनी तं मी परत घाबरी जासू."